बर्फाच्या हॉटेलात मुक्काम? या चुका टाळा

सांगली-साताऱ्याहून परदेशी निघणाऱ्यांची पहिली गफलत कॅलेंडरवरच होते. आपल्या सहली बसवायच्या त्या दिवाळीत, नाहीतर मे महिन्यात. स्वीडनमध्ये किरुनाजवळच्या युकासयार्वी गावचं प्रसिद्ध बर्फाचं हॉटेल दिवाळीत अजून उभं राहायचं असतं आणि मे महिन्यात विरघळून टोर्न नदीत परत चाललेलं असतं. त्याच नदीतून वसंताच्या तोंडावर बर्फाच्या लाद्या कापून साठवतात आणि पुढच्या हिवाळ्यात त्यातून नवं हॉटेल रचतात. मुक्कामाचे दिवस साधारण डिसेंबरच्या मध्यापासून एप्रिलपर्यंत. २०१६ पासून तिथे बारमाही भागही सुरू आहे आणि उन्हाळ्यात तो सौरऊर्जेवर गार ठेवतात. पण तेव्हा तिकडे धड अंधारच पडत नाही, म्हणजे नॉर्दर्न लाइट्सवर, रात्रीच्या आकाशातल्या त्या रंगीत उजेडावर, पाणी. डिसेंबरअखेर उलटा प्रकार, सूर्यच वर येत नाही. शाळेतून मुलांची चार दिवस रजा काढावी लागली तरी मी फेब्रुवारी सुचवेन.

दुसरी चूक, सगळ्या रात्री बर्फातच बुक करणं. बर्फाच्या खोलीत सहसा संडास-बाथरूम नसतं, हीटर नसतो, पुष्कळदा दाराच्या जागी पडदा असतो. बॅगा शेजारच्या उबदार इमारतीत ठेवायच्या. एक रात्र पुरे, बाकीच्या साध्या गरम खोलीत काढा.

आता मुख्य गोष्ट. बाहेर उणे ३० असलं तरी आत उणे ५ ते उणे ८ च्या आसपासच राहतं, कारण बर्फाच्या जाड भिंती बाहेरचा कडाका आत येऊ देत नाहीत. म्हणजे रात्र बिघडवते ती थंडीपेक्षा ओल. तासगावच्या बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजमध्ये हमाली करणाऱ्यांना हे शिकवावं लागत नाही: पोती उचलून बनियन घामाने भिजला की तोच अंगाला गार झोंबतो. तरीही आपली मंडळी सुती बनियन, त्यावर जीन्स, त्यावर दोन स्वेटर आणि वर जॅकेट अशी झोपायच्या पिशवीत, म्हणजे स्लीपिंग बॅगेत शिरतात. घाम येतो, सुती कापड तो धरून ठेवतं, आणि पहाटे दात वाजायला लागतात.

स्लीपिंग बॅग हॉटेल देतं आणि ती तिथल्या थंडीसाठीच केलेली असते. तिच्यात कोंडलेली हवा ऊब धरते. कपडे कोंबून ती जागा भरू नका. अंगाला लोकरीचं किंवा सिंथेटिक थर्मल, कोरडे लोकरी मोजे, कानटोपी, बस्स. माण-आटपाडीचे मेंढके पावसात घोंगडी का पांघरतात, त्यामागेही हेच आहे: लोकर ओली झाली तरी बऱ्यापैकी ऊब देते. डोकं पिशवीत घालून झोपायची आपली खोड मात्र सोडा. श्वासाची वाफ आत जमते आणि पिशवीच ओलसर होते. नाक-तोंड बाहेर ठेवा.

बांगड्या, जोडवी, मोठी कानातली झोपण्याआधी काढून उबदार इमारतीतल्या लॉकरमध्ये ठेवा. धातू झटकन गार पडतो. मंगळसूत्र काढायचं नसेल तर थर्मलच्या आत राहू द्या.

मध्यरात्री पाय गार पडले तर? मोजे बदला, पिशवीतच पोटऱ्या आवळून सोडा, जवळ ठेवलेली शेंगदाण्याची चिक्की खा. लघवीला लागली तर दाबून पडू नका, झोपेचं खोबरं होतं. उठा, जाऊन या. आणि अगदीच सहन होईना तर गरम इमारतीत जाऊन बसण्यात कमीपणा काही नाही. ‘थोडी घेतली की ऊब येते’ हा सल्ला मात्र मानू नका. दारूने कातडीजवळच्या रक्तवाहिन्या पसरतात, गरम वाटतं आणि अंगातली उष्णता उलट लवकर निघून जाते.

मोबाइलची बॅटरी थंडीत भराभर उतरते, तो पिशवीत अंगाजवळ घ्या. इन्सुलिनही तसंच: एकदा गोठलं की वाया गेलं, पुन्हा वितळलं तरी वापरायचं नाही. दम्याच्या किंवा हृदयाच्या रुग्णांनी आधी डॉक्टरांना विचारावं. कॅमेरा गरम खोलीत नेताना बाहेरच झिपच्या पिशवीत बंद करा आणि तासभर उघडू नका, नाहीतर लेन्सवर दव धरतं.

स्वीडनला जायला लागणाऱ्या शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा लागतो, तो शेवटच्या आठवड्यावर ठेवू नका.

एवढा खर्च नको असेल तर मनालीजवळ सेथानला हिवाळ्यात इग्लू, म्हणजे बर्फाची घुमटाकार घरं, बांधतात. ते सगळं त्या वर्षीच्या बर्फवृष्टीवर अवलंबून. आगाऊ पैसे पाठवण्याआधी दोन प्रश्न विचारा: बर्फ पडलाच नाही तर पैसे परत मिळतात का, आणि रात्री इग्लूत झोप लागली नाही तर जवळ पक्की खोली आहे का?