थंडीआधी बाहेरचा नळ रिकामा करा
जिथे हिवाळ्यात पारा शून्याखाली जातो, तिथे पानगळ सुरू झाली की झाडू हातात घेण्याआधी अंगणातल्या नळाकडे बघा. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं. पाइपात अडकून राहिलेलं थोडं पाणीही त्याला तडा देऊ शकतं, आणि गळती कळते ती बर्फ वितळल्यावर, भिंत ओली झाल्यावर. म्हणून आधी नळाला लावलेली रबरी नळी काढा, तीच बहुतेकजण विसरतात. मग घराच्या आतला कॉक बंद करा, बाहेरचा नळ उघडून सगळं पाणी वाहू द्या आणि नळ तसाच उघडा ठेवा.

छताच्या पन्हळी झाडं पूर्ण निष्पर्ण झाल्यावर साफ करा, नाहीतर तेच काम दोनदा करावं लागतं.

हिरवळीवर पानांचा जाड थर राहू देऊ नका, खालचं गवत गुदमरतं. पण ती पानं कृपा करून जाळू नका. वाफ्यांवर ५ ते ८ सेंटिमीटर पसरा, फक्त खोडांपासून थोडी लांब. वाळलेली फुलझाडं मी तरी उभीच ठेवते: पोकळ दांड्यांत कीटक हिवाळा काढतात, बिया टिपायला पक्षी येतात.