ग्रीन टी, स्मूदी, हळद... हेल्दी खाताय पण अंगी लागतंय का? या चुका टाळा

ठाण्यात उपवन तलावाला सकाळी वॉक मारणाऱ्यांच्या हातात हल्ली ग्रीन टी नाहीतर स्मूदीची बाटली असतेच, अँटिऑक्सिडंट हवेत ना. पण पोटात गेलं म्हणजे रक्तात गेलं असं नाही. पॉलिफेनॉल, म्हणजे चहा-फळं-भाज्यांतली अँटिऑक्सिडंट द्रव्यं, लहान आतड्यात थोडेच शोषले जातात, बाकीचे मोठ्या आतड्यातले जंतू तोडतात आणि त्यातले काही तुकडे मग रक्तात जातात. त्यामुळे कशासोबत काय खाताय यावर बरंच अवलंबून आहे.

सगळ्यात मोठी गडबड केळ्याची. केळं कापून ठेवलं की काळं पडतं ना, ते पॉलिफेनॉल ऑक्सिडेज या एन्झाइममुळे, आणि तेच एन्झाइम मिक्सरमधल्या कोको नि बेरीतल्या फ्लॅव्हॅनॉलवरही (हा पॉलिफेनॉलचाच एक प्रकार) तुटून पडतं. 2023 च्या एका अभ्यासात केळ्याच्या स्मूदीसोबत फ्लॅव्हॅनॉल घेतल्यावर रक्तातलं प्रमाण नुसत्या कॅप्सूलच्या मानाने 84 टक्के कमी भरलं. वेगवेगळं ठेवून एकाच वेळी प्यायलं तरी फटका बसलाच, म्हणजे पोटातही काम चालूच. केळं खा हो, पण वेगळ्या वेळी. स्मूदी घट्ट करायला दही घाला, आंबटपणा हवा तर संत्रं नाहीतर अननस.

ग्रीन टीतले पॉलिफेनॉल, म्हणजे कॅटेचिन, आतड्यात आम्लता कमी झाली की झपाट्याने खराब होतात. लॅबमधल्या नकली पचनात लिंबाचा रस घातल्यावर ते बरेच जास्त टिकले, माणसात तेवढाच फायदा होईल असं नाही पण अर्धं लिंबू पिळायला काय जातंय. चहा मात्र जेवणाला चिकटून नको, पालक-डाळीतलं लोह अडतं.

हळदीत मिरी घातली की ती जास्त अंगी लागते, हे व्हॉट्सअ‍ॅप ज्ञान अर्धं खरं आहे. 1998 च्या प्रयोगात हळदीतल्या 2 ग्रॅम कर्क्युमिनसोबत मिरीतलं 20 मिलिग्रॅम पायपरिन दिल्यावर कर्क्युमिनचं शोषण 2000 टक्के वाढलं, पण चमचाभर हळदीत कर्क्युमिन असतं साधारण शंभरेक मिलिग्रॅम, कुठे 2 ग्रॅम आणि कुठे हे! आणि पायपरिन काही औषधांचंही शोषण वाढवतं, तेव्हा गोळ्या चालू असतील तर मिरीच्या कॅप्सूल डॉक्टरांना विचारूनच.

कांदा सोलताना सालीसोबत दोन पापुद्रे फेकता ना, तिथेच क्वेर्सेटिन हे पॉलिफेनॉल जास्त असतं, आणि कांद्यातलं सफरचंदापेक्षा बरं शोषलं जातं. ग्रीन टी अर्काच्या कॅप्सूल मात्र उगाच ढोसू नका, दिवसाला 800 मिलिग्रॅम ईजीसीजीच्या (ग्रीन टीतलं मुख्य कॅटेचिन) वर गेलं की लिव्हरचे रिपोर्ट बिघडू शकतात.