नाताळचा माल दुकानात कधी मांडावा?

दसऱ्याचा झेंडू सुकायच्या आत काही दुकानांत सांताची टोपी लटकलेली दिसते. ठोकवाला म्हणतो, "आत्ता उचला, पुढं भाव वाढेल." उचलायला हरकत नाही. मांडायची घाई मात्र अंगलट येते.

मांडायची तारीख पंचांगावरून धरा. २०२६ मध्ये लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे आणि तुळशीची लग्नं २१ ते २४ नोव्हेंबर. तोवर आकाशकंदील, पणत्या, मुंडावळ्या यांनाच दर्शनी जागा द्या. २५ ला रॅक मोकळा करून पुसा आणि २६ ला चांदण्या टांगा. आगमनकाळाचा, म्हणजे नाताळाआधीच्या चार रविवारांतला, पहिला रविवार २९ ला येतो आणि खरं गिऱ्हाईक त्याच सुमारास येतं. जालन्याजवळचं बेथेल हे ख्रिस्ती गाव रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी एकोणिसाव्या शतकात वसवलं. म्हणजे इकडचा ख्रिस्ती समाज पिढ्यान्‌पिढ्यांचा आहे. चांदणी कधी लावायची हे त्याला दुकानदारानं ऑक्टोबरात सांगायची गरज नाही. अमेरिकेत नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी थँक्सगिव्हिंगचा सण असतो, त्याआधी नाताळचं झाड दिसलं की तिथलेही लोक कुरकुरतात. आपल्याकडं मध्ये अख्खी दिवाळी आहे.

दिवाळी लवकर आली की मोह जास्त होतो. २०२५ मध्ये कार्तिकी पौर्णिमा ५ नोव्हेंबरलाच झाली, पुढं तीन आठवडे रिकामे. अशा वर्षी त्या जागेत कानटोप्या, मफलर, स्वेटर लावा. मराठवाड्यात थंडी तेव्हाच चढायला लागते.

लवकर मांडलेला माल खराब कसा होतो ते बघा. ऑक्टोबरच्या उन्हात पश्चिमेकडच्या काचेतली मेणबत्ती कमरेत वाकते, कागदी चांदणीचा लाल रंग विटका गुलाबी पडतो. टोपीची पांढरी किनार रस्त्याच्या धुळीनं राखाडी होते; गिऱ्हाईक अंगठ्यानं घासून बघतं आणि परत ठेवतं. वाजणाऱ्या सांतात सेल घालून ठेवले तर ते गळतात, स्प्रिंगवर पांढरट-हिरवी पूड धरते आणि खेळणं बाद. सेल विकताना घाला.

तोवर खोकी जमिनीपासून अर्धा फूट वर, फळीवर ठेवा. डांबरगोळ्या टाकू नका, टोप्यांना वास धरतो आणि जात नाही. उंदरासाठी पिंजरा लावा.

दिवाळीत उरलेल्या एलईडी माळा नाताळात खपतात. प्रत्येक माळ १५ मिनिटं लावून बघा. सलग काही दिवे बंद असतील तर त्या टप्प्यातला एखादा सांधा सुटलेला असतो. पूर्ण बंद असेल तर आधी पिनच्या मानेशी वायर हलवून बघा, पण ती पिन काढून. चांगली माळ पुठ्ठ्यावर इंग्रजी आठच्या आकारात गुंडाळा, गाठी पडत नाहीत.

१० बाय १२ च्या गाळ्याला पहिल्या भरण्यात तीन डझन चांदण्या, सहा दोनफुटी झाडं, दोन चारफुटी, चार डझन टोप्या पुरतात. जास्त नको. सोयाबीनचा पैसा दिवाळीत खर्च झालेला असतो, बीडकडची ऊसतोडीची माणसं उचल घेऊन कारखान्यांवर गेलेली असतात; बाजारात कापसाचाच पैसा काय तो थोडाथोडा येत राहतो. त्यात ठोकवाल्याची उधारी अंगावर घेऊन माल अडकवू नका. टोप्या आणि सांताचे ड्रेस शाळांच्या कार्यक्रमांसाठी जातात, म्हणजे १८ ते २४ डिसेंबर. दुसरा भरणा १५ ला करा, त्यात लहान मापं जास्त ठेवा.

२५ च्या संध्याकाळी टोप्या आत जाऊ द्या. चांदण्या १ जानेवारीपर्यंत राहतात. २ ला त्या उतरवा, कारण वाणाच्या वाट्या-डब्यांना तोच रॅक लागणार आहे. मात्र तेही डिसेंबरात मांडू नका.