बरगंडीत फोटो काढायला एक दिवस: ऊन जाईल तसे जा

फ्रान्समधल्या ल्योंला माझ्याकडे पाहुणे आले आणि गळ्यात कॅमेरा असला की पहिली मागणी ठरलेली: लॅव्हेंडरची जांभळी शेतं दाखव. लॅव्हेंडर फुलतं दक्षिण फ्रान्समध्ये, जून-जुलैत, आणि हे येतात ऑक्टोबरात. मग मी त्यांना दक्षिणेचा नाद सोडायला लावते आणि उत्तरेला दक्षिण बरगंडीत पिटाळते. द्राक्षमळे पिवळे-तांबडे झालेले असतात, नदीवर सकाळी धुकं असतं, आणि गर्दी नसते. तिथे एक दिवस कसा घालवायचा ते दर वेळी फोनवर सांगण्यापेक्षा एकदा लिहूनच टाकते.

मुक्काम तूर्न्यूला करा. सोन नदीकाठचं छोटं गाव, ल्योंहून लोकल गाडीने तास-सव्वा तास. पण पुढे फिरायला गाडी लागतेच. खेड्यांत बसच्या भरवशावर राहिलात तर ऊन निघून जाईल आणि तुम्ही थांब्यावर. भारतातलं लायसन्स असेल तर आंतरराष्ट्रीय परवाना काढूनच या. आणि वार निवडा सोमवार. का, ते पुढे येईल.

दिवसाचा आराखडा मी गावांच्या यादीवरून करत नाही, उन्हावरून करते. सोन नदी इथे साधारण उत्तरेकडून दक्षिणेकडे वाहते. पूर्वेला ब्रेसचा सपाट, ओलसर मुलूख. पश्चिमेला माकोनेच्या टेकड्या. म्हणजे सकाळ नदीवर आणि पूर्वेला, संध्याकाळ टेकड्यांवर. नकाशात तारे टोचून ‘जवळचं आधी’ करत फिरणाऱ्यांना प्रत्येक ठिकाण चुकीच्या वेळी भेटतं.

ऑक्टोबरच्या मध्याला सूर्य आठच्या सुमारास उगवतो आणि सातच्या जरा आधी मावळतो. आपल्याकडच्यासारखं साडेपाचला उठायची गरज नाही, हे ऐकून पाहुण्यांचे चेहरे खुलतात. आणखी एक गंमत म्हणजे सूर्य डोक्यावर येतो दुपारी दीडच्या आसपास, बाराला नाही. आणि डोक्यावर तरी कुठला, क्षितिजापासून जेमतेम पस्तीस अंश. भर दुपारीही माणसाची सावली त्याच्या उंचीच्या जवळजवळ दीडपट पडते. जूनमध्ये इथे दुपारी कॅमेरा पिशवीत ठेवावा लागतो, ऑक्टोबरमध्ये नाही. फक्त महिन्याच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास मागे जातात. त्यानंतर येणार असाल तर सगळ्या वेळा तासाने अलीकडे आणा.

साडेसातला पूल ओलांडून नदीच्या पलीकडच्या, म्हणजे पूर्वेच्या काठावर जा. गाव पश्चिम काठावर आहे, त्यामुळे उगवतीचं ऊन थेट घरांवर आणि सें-फिलिबेर मठाच्या मनोऱ्यांवर येतं, आणि ते तुमच्या पाठीशी असतं. धुकं असेल तर कॅमेरा फसतो. पांढरं दिसलं की त्याला वाटतं उजेड जास्त झाला, आणि तो सगळं मळकट करड्या रंगाचं करून ठेवतो. एक्सपोजर एक स्टॉप वर घ्या, म्हणजे उजेड दुप्पट. धुकं विरळ होताना मनोऱ्यांची टोकं आधी दिसतात, घरांचे पाय शेवटी. ती दहा मिनिटं कॅमेऱ्यावरचे फोटो तपासण्यात घालवू नका.

तिथून पूर्वेला लुआँ, अर्ध्या तासाची वाट. सोमवार एवढ्यासाठीच: लुआँचा सोमवारचा बाजार म्हणजे अस्सल आठवडी बाजार, भाजीपासून जिवंत कोंबड्यांपर्यंत. मुख्य रस्त्याच्या दोन्ही अंगांना जुन्या घरांखाली कमानी आहेत, एकूण १५७. माणसं या कमानींच्या सावलीतून उन्हात येतात आणि परत सावलीत जातात. तुम्ही फिरू नका. एक कमान धरा, जिथे उन्हाचा पट्टा जमिनीवर पडलाय अशी, आणि तिथेच उभ्या राहा. ३५ मिमीची लेन्स, शटर १/२५०, छिद्र एफ/४, आयएसओ कॅमेऱ्यावर सोडा. पिशवीतून डोकावणारी लीकची (कांद्याच्या जातीची भाजी) पात आणि दोन म्हाताऱ्यांच्या गप्पा आपोआप चौकटीत येतात.

कोंबड्यांचा बाजार वेगळ्या मैदानात भरतो. बर्ड फ्लूची साथ असली तर तो बंद असू शकतो, एरवी चुकवू नका. ब्रेसची कोंबडी फ्रान्समध्ये मानाची. १९५७ सालापासून तिच्या नावाला कायद्याचं संरक्षण आहे. पांढरीशुभ्र पिसं, लालबुंद तुरा, निळसर पाय. फ्रेंच झेंड्याचे तिन्ही रंग अंगावर घेऊन ती पिंजऱ्यात बसलेली असते. धुक्यातला नियम इथे उलटा होतो. पिंजऱ्याच्या आतला अंधार मोठा आणि कोंबडी लहान. कॅमेरा अंधार पाहून उजेड वाढवतो आणि पिसं कागदासारखी कोरी होतात. पाऊण स्टॉप खाली या आणि पडद्यावर जळालेल्या भागांचा इशारा लुकलुकतोय का ते बघा. मानेवरचं एक-एक पीस सुटं दिसायला हवं. जमलं की हाच हिशोब संध्याकाळी गडद कुरणातल्या पांढऱ्या शारोले गाईंनाही लावा.

माणसांचं मात्र जपून. फ्रान्समध्ये आपल्या चेहऱ्यावर आपला हक्क असतो आणि लोकांना तो पाठ असतो. ओळखू येईल असा चेहरा प्रसिद्ध करायचा तर परवानगी हवी. माझी पद्धत सोपी आहे: आधी ‘बोंझूर मादाम’, मग काहीतरी विकत घ्यायचं, मग कॅमेरा किंचित उचलून ‘ज प्यू?’ (काढू का?) एवढंच विचारायचं. ‘बोंझूर’ न म्हणता केलेला प्रश्न इथे उद्धटपणात जमा होतो. नकार आला तर हसून पुढे. लहान मुलांचे फोटो आईबापांना विचारल्याशिवाय नाहीच.

बाजार बाराला आवरतो आणि त्यानंतर दोनपर्यंत सगळा मुलूख जेवतो. दुकानं बंद, रस्ते ओस. सोमवारी बरीच रेस्टॉरंटही बंद असतात, म्हणून दुपारचं आणि रात्रीचंही सामान बाजारातूनच उचला: पाव, सफरचंदं, माकोनेचं शेळीच्या दुधाचं बुटकं चीज आणि लुआँची खासियत असलेली तीन टोकांची पेस्ट्री, कॉर्नियॉत. शाकाहारी असाल तर पोट भरतं. अंडं न खाणाऱ्यांनी कॉर्नियॉत सोडून द्यावी.

जेवण झालं की परत तूर्न्यू, आता मठाच्या आत. जाड गोल खांब, गुलाबी छटेचा दगड. छत नीट बघा: मधल्या दालनावरच्या कमानी लांबीने न टाकता आडव्या, एकीपुढे एक टाकल्या आहेत. त्यामुळे वरच्या भिंतींत खिडक्या ठेवता आल्या आणि अकराव्या-बाराव्या शतकातल्या चर्चच्या मानाने आत भरपूर उजेड येतो. व्हाइट बॅलन्स ‘ऑटो’वर ठेवलात तर दगडाचा गुलाबीपणा धुऊन निघेल, ‘डेलाइट’वर ठेवा. ट्रायपॉड नको, खांबाला टेकून १/३० वर काम होतं.

वेळ उरत असेल आणि फोटोग्राफीवर खरंच जीव असेल, तर इथून उत्तरेला वीसेक किलोमीटरवर, शालों शहराच्या अलीकडे सें-लू-द-व्हारेन गाव आहे. फोटोग्राफीचा आद्य फ्रेंच संशोधक नियेप्स याने कॅमेऱ्याने घेतलेला, आज उपलब्ध असलेला सगळ्यात जुना फोटो तिथल्याच घराच्या खिडकीतून, १८२६-२७च्या सुमारास. घर उन्हाळ्यातच बघायला मिळतं, पण रस्त्याकडेला स्मारक आहे. तो घेतला होता धातूच्या पत्र्यावर; मूळ पत्रा आता अमेरिकेत टेक्सासमध्ये. कथिलाच्या मिश्रधातूच्या त्या पत्र्यावर डांबराचा थर देऊन त्याने तो खिडकीत किमान आठ तास ठेवला असावा. काही अभ्यासक तर कित्येक दिवस म्हणतात. त्यामुळे त्या चित्रात समोरासमोरच्या दोन्ही इमारतींवर ऊन दिसतं, सकाळचं आणि संध्याकाळचं एकाच वेळी. पाहुण्यांना मी हे आवर्जून सांगते, कारण त्यानंतर ‘इथेच का थांबायचं’ असं कोणी विचारत नाही. शालोंत नियेप्सच्या नावाचं संग्रहालयही आहे, पण ते याच दिवसात कोंबू नका.

साडेतीन-चारला पश्चिमेकडे, शापेझला. चार घरं आणि त्यांच्या मानाने भलताच उंच घंटेचा मनोरा. मनोऱ्याच्या भिंतीवर उभ्या पट्ट्या आणि वर बारक्या कमानींच्या ओळी कोरल्यात, पण त्यांची खोली अगदी थोडी. समोरून ऊन पडलं की भिंत सपाट दिसते. ऊन बाजूने घासत आलं की प्रत्येक पट्टीला सावलीची रेघ येते. म्हणून पोचल्याबरोबर क्लिक न करता एक फेरी मारा आणि ज्या भिंतीवर सावल्या सर्वांत बारीक अन् लांब आहेत ती निवडा. मला स्वतःला हा मनोरा मोठ्या मठापेक्षा जास्त आवडतो.

शेवट ब्रांसियों. टेकडीवरचं मध्ययुगीन गाव. गाडी बाहेरच ठेवून चालत वर जावं लागतं. किल्ला, लाकडी खांबांचा जुना बाजारमंडप, आणि टोकाला सें-पिएर चर्च. चर्चच्या पुढच्या मोकळ्या जागेतून ग्रोन नदीचं खोरं दिसतं. सूर्यास्ताच्या तासभर आधी पोचा. सगळे खोऱ्याकडे तोंड करून उभे असतात; तुम्ही पाठ फिरवा आणि मागच्या दगडांवर आलेला रंग टिपा. मावळल्यानंतर वीसेक मिनिटं आकाश निळं राहतं, तेव्हा भटकायला बाजारमंडप. खांबाला टेकलात तर ट्रायपॉडशिवायही निभावतं.

वाटेत मळे दिसतील. ओळींच्या आत शिरू नका, बांधावरून काढा. ती कोणाची तरी वर्षाची कमाई आहे. कुरणाची तार बहुधा विजेची असते. आणि शरद ऋतू हा शिकारीचा मोसम. पायवाटेला शिकार चालू असल्याची पाटी दिसली तर मागे फिरा, आणि एरवीही भाड्याच्या गाडीतलं फ्लुरोसंट जॅकेट अंगात घाला. ते गाडीत ठेवणं कायद्याने सक्तीचंच आहे, पडून राहण्यापेक्षा वापरात येईल.

परतताना सावकाश चालवा. खेड्यांत पाटी नसेल तर उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, मग त्याची गल्ली कितीही बारकी असो. आणि अंधार पडला की हरणं, रानडुकरं रस्त्यावर येतात. संध्याकाळी पेट्रोलपंपावर माणूस नसतो, यंत्राला पिन असलेलं कार्ड लागतं. ते सकाळीच खिशात आहे ना बघा.