मेट्रिक एकक बदलताना शून्यं चुकतात? मग शिडी सोडा आणि ठोकळा धरा

मेट्रिक एककं बदलायची कशी असं कुणालाही विचारा, एकच उत्तर मिळतं: किलो हेक्टो डेका, मग मीटर, मग डेसी सेंटी मिली, ही शिडी पाठ करा, एक पायरी खाली उतरलात की दशांश चिन्ह एक घर उजवीकडे सरकवा, झालं काम. हा सल्ला ऐकला की माझं डोकं फिरतं, कारण तो अर्धाच आहे. लांबी आणि वजनाला चालतो, पण चौरस आणि घन आलं की तोच सल्ला तोंडावर आपटवतो, आणि नेमकं तिथेच सांगणारा गायब झालेला असतो.

असो. पहिली पायरी म्हणजे उपसर्ग. 1795 मध्ये फ्रान्सने कायदा करून ही पद्धत आणली तेव्हा मोठ्या पटींना ग्रीक नावं आणि छोट्या भागांना लॅटिन नावं दिली. डेका दहापट, हेक्टो शंभरपट, किलो हजारपट. डेसी दहावा, सेंटी शंभरावा, मिली हजारावा भाग. डेका-डेसीत गोंधळ होत असेल तर डेका आणि आपला 'दश' लांबचे नातेवाईक आहेत एवढं लक्षात ठेवा.

दुसरी पायरी, मूळ एकक ओळखा. आजच्या पद्धतीत मीटर, किलोग्रॅम, सेकंद, अँपिअर, केल्विन, मोल आणि कँडेला अशी सात आहेत, रोजच्या कामाला पहिली तीन पुरतात. गंमत बघा, यात ग्रॅम नाही, किलोग्रॅम आहे, म्हणजे मूळ एककालाच उपसर्ग चिकटलेला. 1795 च्या कायद्यात ग्रॅमच होता पण तो पडला चिमुकला, त्यामुळे 1799 मध्ये नमुना म्हणून प्लॅटिनमचा तुकडा बनवला तो एक किलोचा, आणि पुढे मान त्यालाच मिळाला. म्हणून भौतिकशास्त्राच्या सूत्रात बळ न्यूटनमध्ये हवं असेल तर वस्तुमान किलोग्रॅममध्येच घाला, ग्रॅम घातलेत तर उत्तर हजारपट फुगेल.

आता तिसरी पायरी, जिथे मी स्वतः कितीतरी वर्षं अडखळलो. एकदा पाण्याच्या टाकीचा हिशेब करत होतो, 150 सेंमी लांब, 100 सेंमी रुंद, 80 सेंमी उंच. गुणाकार बरोबर केला, 12,00,000 घन सेंमी. मग शंभर सेंटीमीटरचा एक मीटर म्हणून शंभराने भागलं आणि ऐटीत 12,000 घनमीटर लिहून मोकळा झालो. म्हणजे पलंगाएवढ्या टाकीत 1 कोटी 20 लाख लिटर पाणी! खरं उत्तर 1.2 घनमीटर, म्हणजे 1,200 लिटर. चूक दुसऱ्या कुणीतरी हसत हसत दाखवली, आणि वाईट याचं वाटलं की मी शिडी अगदी बरोबर वापरली होती.

शिडीचा दोष असा की ती एकाच दिशेने मोजते. घन सेंटीमीटरमधलं 'सेंटी' आधी मीटरला लागतं आणि मग त्या सगळ्याचा घन होतो, म्हणजे शंभर गुणिले शंभर गुणिले शंभर, एक घनमीटरमध्ये 10,00,000 घन सेंमी. चौरसाला दोनदा शंभर, म्हणून एक चौरस मीटरमध्ये 10,000 चौरस सेंमी. पण मिलीलिटरला असं काही करायचं नाही!! लिटर हे आधीच घनफळाचं एकक आहे, त्यामुळे तिथे मिली म्हणजे सरळ हजारावा भाग. लोक नेमके इथे फसतात, घन मिलीमीटर आणि मिलीलिटर सारखेच वाटतात, पण एका मिलीलिटरमध्ये हजार घन मिलीमीटर बसतात. हेक्टरचंही असंच, तिथे हेक्टो लागलाय तो 'आर' या जुन्या एककाला, एक आर म्हणजे 10 मीटर बाजूचा चौरस, 100 चौरस मीटर, त्याचे शंभरपट म्हणजे 10,000 चौरस मीटर. हेक्टर म्हणजे शंभर चौरस मीटर असं कुणी सांगितलं तर सोडून द्या, वाद घालू नका.

यावर माझा उपाय म्हणजे ठोकळा. ही पद्धत बनवणाऱ्यांनी सगळं एकाच काठीतून काढलं होतं. काठी कुठली, तर उत्तर ध्रुवापासून पॅरिसवरून विषुववृत्तापर्यंत जे अंतर होतं त्याचा एक कोटीवा भाग, तो मीटर. देलांब्र आणि मेशँ या दोघा फ्रेंच खगोलशास्त्रज्ञांनी 1792 ते 1798 ही वर्षं त्याच रेषेवरचा फ्रान्समधल्या डंकर्कपासून स्पेनमधल्या बार्सिलोनापर्यंतचा तुकडा मोजत घालवली, फ्रेंच क्रांतीच्या धामधुमीत, आणि एवढं करून मीटर साधारण 0.2 मिलीमीटर आखूडच भरला. (पृथ्वीचा घेर जवळपास गोल 40,000 किमी येतो तो याचमुळे, योगायोग नाही. आता मीटर 1983 पासून प्रकाशाच्या वेगावरून ठरतो, पृथ्वीचा संबंध संपला.) मग त्या मीटरच्या दहाव्या भागाची, म्हणजे 10 सेंमीची बाजू घेऊन ठोकळा केला, त्यात मावेल ते एक लिटर. 1 सेंमी बाजूच्या ठोकळ्यातलं थंड पाणी म्हणजे एक ग्रॅम.

हे चित्र एकदा डोक्यात बसलं की पाठांतराची गरजच उरत नाही. 10 सेंमीच्या ठोकळ्यात छोटे ठोकळे 10 गुणिले 10 गुणिले 10, म्हणजे हजार, म्हणून लिटरमध्ये हजार मिलीलिटर आणि त्या पाण्याचं वजन एक किलो. मीटरच्या ठोकळ्यात असे लिटरचे ठोकळे पुन्हा हजार, म्हणून घनमीटर म्हणजे 1,000 लिटर आणि पाणी असेल तर एक टन. पाणी असेल तर, हे विसरू नका, लिटरभर पारा साडेतेरा किलोच्या वर जातो.

हिशेबाची पद्धत तर त्याहून सोपी: गुणाकार करायच्या आधीच लांब्या बदलून घ्या. उत्तर लिटरमध्ये हवंय? सगळं डेसीमीटरमध्ये लिहा. माझी टाकी 15 गुणिले 10 गुणिले 8, तोंडी 1,200 लिटर. घनमीटर हवेत तर 1.5 गुणिले 1 गुणिले 0.8. घन एकक नंतर बदलायचा हट्ट करूच नका, मी अजूनही करत नाही.

चौथी पायरी, उत्तर डोळ्यांसमोर आणून बघा, ती टाकी खोलीत मावते का.

शेवटची गोष्ट औषधांबद्दल. मिलीग्रॅम आणि मायक्रोग्रॅम ही नावं घाईत सारखी दिसतात, पण त्यांच्यात हजारपटीचा फरक आहे. तिथे अंदाज नको आणि दशांश चिन्ह मनातल्या मनात सरकवणं तर नकोच, एकक पूर्ण अक्षरात लिहा आणि दुसऱ्या कुणाकडून तरी वाचून घ्या.