रंगीत लेन्स घेण्याआधी चष्म्याचा कागद काढा

रंग नंतर. आधी चष्म्याच्या नंबरचा कागद काढा. वर्षापेक्षा जुना असेल तर डोळे नव्याने तपासून घ्या. मग त्यातला सिलिंडरचा रकाना वाचा, म्हणजे डोळ्याच्या असमान गोलाईसाठीचा वेगळा नंबर. भावाच्या लग्नासाठी लेन्स मागवताना मी नेमका तोच सोडला. फोटोत डोळे मधाळ आले खरे, पण मांडवातले निम्मे नातेवाईक आवाजावरून ओळखावे लागले.

बहुतेक रंगीत लेन्स फक्त साध्या नंबरात येतात, सिलिंडरमध्ये नाही. सिलिंडर पाऊणपर्यंत असेल तर बऱ्याच जणांचं भागतं. डॉक्टर कधी त्याचा निम्मा आकडा साध्या नंबरात मिळवून देतात. त्याहून जास्त असेल तर टोरिक, म्हणजे सिलिंडरचाही नंबर असलेली लेन्स लागते. रंगीत टोरिक दुकानात पटकन मिळत नाही, बहुधा ऑर्डर देऊन मागवावी लागते आणि वाट बघावी लागते. म्हणून मुहूर्त ठरला की लगेच चौकशी करा. दुकानदार म्हणेल, ‘एका दिवसाचा तर प्रश्न आहे, चालून जाईल.’ नाही चालत. त्याला रकाना दाखवा.

चष्म्याचा नंबर जसाच्या तसा लेन्सला लागतो असंही नाही. काच डोळ्यापासून साधारण १२ मिलिमीटर पुढे असते आणि लेन्स थेट बुबुळावर बसते, त्यामुळे चारच्या पुढे आकडा बदलतो: चष्म्याचा उणे ५ लेन्समध्ये साधारण उणे ४.७५ होतो. बेस कर्व्ह (लेन्सची आतली गोलाई) आणि व्यासही डॉक्टरांकडून लिहून घ्या. नंबर शून्य आहे, नुसती हौस आहे, त्यांनीसुद्धा! लेन्स घट्ट बसली तर डोळ्याला नंबरशी काही देणंघेणं नसतं.

आता रंग. आपल्यासारख्या गडद तपकिरी डोळ्यांवर हलक्या छटेची लेन्स दिसतच नाही. ती घाऱ्या-निळ्या डोळ्यांचा रंग खुलवण्यासाठी असते. आपल्याला अपारदर्शक, छपाईची लेन्स लागते. त्यात मध आणि हेझल खपून जातात. राखाडी आणि निळा रंग लांबूनही लेन्स म्हणून ओळखू येतो, हे माझं मत. कडेला काळं वर्तुळ असलेल्या लेन्स डोळे मोठे दाखवतात, पण एकदा लावून आरशात बघा, काही चेहऱ्यांवर बाहुलीसारख्या दिसतात. छपाईच्या मधलं पारदर्शक भोक ठरावीक मापाचं असतं. अंधारात डोळ्यातली बाहुली त्याहून मोठी झाली की कडेने धूसर दिसतं. वरातीनंतर गाडी दुसऱ्याला चालवू द्या.

एकदोन दिवसांचं काम असेल तर रोज फेकायच्या लेन्स घ्या. महिन्याच्या लेन्सचा महिना पाकीट फोडल्यापासून मोजतात, किती वेळा घातल्या यावर नाही. पर्याय असेल तर सिलिकॉन हायड्रोजेल या मटेरियलच्या घ्या, त्यातून ऑक्सिजन जास्त जातो.

घरी आधी घालून बघा, दिवसाउजेडी आणि ट्यूबलाइटखाली. दूरच्या पाटीवरची अक्षरं वाचा. धूसर दिसली? रकाना!

कार्याच्या दिवशी आधी लेन्स, मग मेकअप. काढताना आधी लेन्स. काजळ पापणीच्या आतल्या कडेला नको. हळदीला लेन्स घालूच नका. होमाच्या धुरापासून लांब बसा. वधूवरांचा इलाज नाही, त्यांनी डॉक्टरांना विचारून लेन्सवर चालणारे थेंब जवळ ठेवावेत.

बाकी भराभर. हात धुवून कोरडे करा. नळाचं पाणी लेन्सला नाही, डबीलाही नाही. त्यातला अमीबा बुबुळ खातो. लेन्स निर्जंतुक करायच्या जुन्या सोल्यूशनमध्ये नवं ओतू नका. नुसतं सलाइन म्हणजे सोल्यूशन नव्हे. घालून झोपायचं नाही. मैत्रिणीला द्यायची नाही. चष्मा पर्समध्ये हवाच. डोळा लाल झाला, टोचला, उजेड सोसेना, तर लेन्स काढून त्याच दिवशी डॉक्टरांकडे, आणि लेन्स फेकू नका, डबीसकट घेऊन जा, तपासायला लागतात.