अंगणातल्या वाटेच्या भेगा बुजवायच्या आधी

फाटकापासून ओसरीपर्यंतच्या सिमेंटच्या वाटेला भेगा पडल्यात, आणि गवंड्याला न बोलावता थोडक्या पैशांत त्या बुजवायच्यात, तर कागदावर पहिली ओळ आदल्या रात्रीची लिहा: जुन्या काँक्रीटला पोटभर पाणी पाजणे. गेल्या खेपेला नेमकं हेच राहिलं आणि भरलेला माल मिरगाच्या पहिल्या पावसात पापडासारखा सुटून हातात आला. बाकीची यादी खाली आहेच, पण ही ओळ वर.

चवथीला पाहुणे येणार म्हणून श्रावणात हे काम काढू नका. डिसेंबर ते फेब्रुवारी ही खरी वेळ: जमीन सुकून बसलेली असते आणि ऊनही सोसवतं. मे महिन्यात करायचंच झालं तर उन्हं कलल्यावर करा, आणि पहिल्या पंधरवड्यातच. पुढे वळवाची एक सर आली की ताज्या मालावरचं सिमेंट धुऊन जातं.

आता भेग कशामुळे पडली ते बघा. हे न बघता बुजवलेली भेग वर्षभरात पुन्हा उघडते. छपराच्या पागोळ्या वाटेच्या कडेला पडत असतील तर त्या खालची माती उकरतात आणि वाट अधांतरी राहते. आधी पन्हळ लावा, मग सिमेंट आणा. हातोड्याने दर वीतभर ठोकत जा. टणक आवाज आला तर ठीक, बद आवाज आला तर खाली पोकळी आहे आणि तिथे भेग भरणं म्हणजे पैसे मातीत घालणं. वाटेची एक बाजू वर उचलली गेली असेल तर जवळ आंबा, फणस किंवा गुलमोहर आहे का बघा. माडाला उगीच दोष देऊ नका, माडाची मुळं बारीकच राहतात, वयाबरोबर जाड होत नाहीत. भेग अजून रुंदावतेय की थांबलीय हे कळायला तिच्या दोन्ही बाजूंना पेन्सिलीची एकेक खूण करा, मधलं अंतर मोजून तारखेसकट लिहून ठेवा आणि महिन्याने पुन्हा मोजा. केसाएवढी असेल तर सोडून द्या.

हत्यारं: छिन्नी, किलोभराचा हातोडा, तारेचा ब्रश, थापी, माल सपाट करायचा लाकडी रंधा, घमेलं, सायकलचा पंप. रबरी हातमोजे आणि चष्मा घ्याच. छिन्नीची कपची डोळ्यात जाते आणि ओलं सिमेंट हात जाळतं.

सिमेंटची अख्खी गोण घेऊ नका. हिशेब करा: १० मीटर लांब, २ सेंटीमीटर रुंद आणि ४ सेंटीमीटर खोल भेग म्हणजे ८ लिटर माल. एकास तीन प्रमाणात (एक भाग सिमेंट, तीन भाग रेती) त्याला साधारण ४ किलो सिमेंट आणि ८ लिटर रेती लागते. सांडलवंड धरून ५ किलोची पिशवी पुरते. पिशवीवर छापलेली तारीख बघा, ३ महिन्यांपलीकडचं घेऊ नका. आपल्या दमट हवेत आत गाठी झालेल्या असतात आणि त्या चाळून काम भागत नाही. नदीची रेती मिळवणं जिकिरीचं असेल तर क्रशरची धुतलेली चालते. दर्यावरची फुकटची रेती मात्र घरात आणू नका: ती फार बारीक असते आणि तिच्यातल्या मिठाने पांढरा लोणा फुटतो. किनाऱ्याजवळची विहीर मचूळ असेल तर तिचंही पाणी नको. पिण्याजोगं पाणी वापरा.

भेग खोदताना तोंड मोठं आणि तळ निमुळता करू नका, तसा भरलेला माल खुंटीसारखा उपटून येतो. कडा सरळ उभ्या ठेवा, जमलं तर तळाशी किंचित रुंद. खोली निदान अडीच सेंटीमीटर. माल कडेला कागदासारखा पातळ करत नेऊ नका, तिथूनच तो उचलतो.

मग सफाई. गवताची मुळं ओढून काढा, शेवाळ ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने घासा आणि भरपूर पाण्याने धुवा. संडास साफ करायचं अ‍ॅसिड त्यात मिसळू नका, विषारी वायू निघतो. अ‍ॅसिडची मुळात गरजच नाही. आपली तांबडी माती पिठासारखी चिकटते. ब्रश आणि पंप मारूनही भेगेत बोट फिरवून बघा. बोट तांबडं झालं तर पुन्हा धुवा.

आणि आता आदली रात्र. कोरडं काँक्रीट तहानलेलं असतं. ताज्या मालातलं पाणी ते शोषून घेतं, मग जिथे जुनं-नवं जुळायचं त्याच थरातलं सिमेंट पाण्यावाचून कच्चं राहतं आणि तिथे नुसती भुकटी उरते. वरून सगळं घट्ट दिसतं, म्हणून फसगत होते. तेव्हा संध्याकाळी भेगेत पाणी भरा, जिरलं की पुन्हा भरा, वर ओलं गोणपाट टाकून झोपा. सकाळी चमचाभर पाणी ओतून बघा. मिनिटभरात गायब झालं तर तहान भागलेली नाही, काम दुपारवर ढकला आणि पाणी पाजत राहा. भरायच्या वेळी साचलेलं पाणी फडक्याने टिपून घ्या: काँक्रीट काळपट ओलं हवं, चकाकणारं नको. “सकाळी बादलीभर मारू” हे चालत नाही. आदल्या रात्री म्हणजे आदल्या रात्रीच.

एकच अपवाद. हलणारी भेग, म्हणजे पेन्सिलीच्या खुणा सरकल्या ती, किंवा दोन तुकड्यांमधला मुद्दाम ठेवलेला सांधा सिमेंटने भरू नका, तो फुटणारच. तिथे फोमची दोरी खाली दाबून वर पीयू सीलंट (सुकल्यावरही रबरासारखं लवचीक राहणारं पॉलियुरेथेनचं भरण) भरा; १० मिलिमीटर रुंद आणि तितक्याच खोल सांध्याला ३०० मिलिलिटरची नळी ३ मीटर जाते. सीलंटला मात्र जागा ठणठणीत कोरडी लागते. तिथे पाणी पाजलंत तर तेही वाया.

भरताना आधी सिमेंटची पातळ लापशी ब्रशने भेगेच्या अंगाला चोळा आणि ती ओली असतानाच माल दाबा. लापशी सुकली तर ती न लावलेलीच बरी. एसबीआर लेटेक्स (माल चिकटायला मदत करणारं दुधासारखं रबरी द्रावण) परवडत असेल तर डब्यावरच्या प्रमाणात घाला, पण लेटेक्स आहे म्हणून रात्रीचं पाणी टाळू नका. माल एवढाच ओला की मुठीत गोळा व्हावा आणि बोटांतून पाणी गळू नये. अर्ध्या तासात संपेल इतकाच कालवा. घट्ट झाल्यावर पुन्हा पाणी घालून ढवळायचा मोह होतो, त्याने ताकद जाते.

बद आवाजाचा तुकडा फोडूनच काढावा लागतो. खाली चिऱ्याचे तुकडे आणि खडी घालून धुमसाने ठोका, वर १० सेंटीमीटर काँक्रीट, प्रमाण सिमेंट एक, रेती दीड, खडी तीन. एक मीटर लांब-रुंद तुकड्याला ४० किलो सिमेंट आणि फार तर २० लिटर पाणी. रेती ओली असेल तर त्याहून कमी. इथेही जुन्या कडांना आदल्या रात्री पाणी, सांगायला नकोच, पण सांगतो. ढाळ घराच्या भिंतीपासून बाहेर, मीटरला २ सेंटीमीटर. जुना सांधा जिथे होता तिथेच नवा ठेवा, अडीच सेंटीमीटर खोल.

वर गुळगुळीत करू नका, पावसात शेवाळावरून कोणीतरी आपटेल. हिरांचा खराटा आडवा ओढा. घट्ट झालं की गोणपाट, त्यावर चुडतं (माडाच्या झावळ्या), आणि १० दिवस ओलं ठेवणं. चालायला २ दिवसांनी, स्कूटर आठवड्याने, गाडी महिन्याने. कुत्र्याला बांधून ठेवा. उरलेलं सिमेंट पुढच्या वर्षासाठी ठेवू नका, शेजाऱ्याला द्या.